पुठ्ठ्याचं स्टूल आणि मामंजींचं माकडहाड

४ मार्च

'कापा-चिकटवा' कार्यक्रमवाल्यांना,

तुमचा पत्ता टीव्हीवर खाली येतो आणि पळतो. तीन दिवस पाच वाजता वही घेऊन बसले तेव्हा कुठे पुरा उतरला. लहान मुलं तो कसा उतरवत असतील ते तुमचं तुम्हाला ठाऊक. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका काढत बसू नका, काय म्हणते ते बघा.

गेल्या महिन्यात तुमच्या पिवळ्या स्वेटरवाल्या दादाने पुठ्ठ्याचं स्टूल करून दाखवलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या, खाचा पाडून एकमेकींत अडकवायच्या, वर गोल झाकण चिकटवायचं. मग तो स्वतः बसला आणि म्हणाला, "आता तुम्हीही करा आणि आजी-आजोबांना बसवा." हे त्याचेच शब्द.

आमची काडी नऊ वर्षांची आहे. माझ्या धाकट्या दिराची मुलगी. अंगाने बारीक म्हणून काडी. तिचे आईबाप कामासाठी दुसऱ्या गावी असतात आणि ती माझ्याकडे. तिने तुमचं ऐकलं, स्टूल केलं, आजोबांना बसवलं. आजोबा म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, सगळी नोकरी उभ्याने केली. आता कुठे बसायचे दिवस आले होते. मामंजींनी टेकायला आणि स्टूल भुईला लागायला एकच गाठ पडली. माकडहाडाला चीर गेली आहे. डॉक्टरांनी मधे भोक असलेली रबरी चकती दिली आहे, चार महिने तिच्यावरच बसायचं. म्हातारा ती बगलेत मारून घरभर फिरतो.

ते बरे होतील. माझं म्हणणं काडीबद्दल आहे. घरात सगळे तिला बोलले. आमचे हे म्हणाले, "हिच्या हाताला वळणच नाही." तिच्या बापाने फोनवर ठरवून टाकलं की पाच वाजता टीव्ही बंद, गणिताची शिकवणी सुरू. तिने कात्री कपाटावर नेऊन ठेवली. आता पाण्याचा पेला आण म्हटलं तरी म्हणते, "तूच घे काकू, माझ्या हातून सांडेल." दोन आठवडे झाले.

मी खोक्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं पुठ्ठ्यात आहे. मला पुठ्ठा शिकवू नका. मोडलेल्या स्टुलाचे तुकडे पुरावा म्हणून पलंगाखाली ठेवले आहेत. भरपाई बिरपाई नको. त्या दादाने टीव्हीवर एवढंच सांगायचं की चूक आमच्या कार्यक्रमाची होती, मुलीची नव्हती. दोन वाक्यांचं काम आहे.

काडीची काकू

२१ मार्च

प्रिय बालमित्रा / बालमैत्रिणी,

तू पाठवलेलं सुंदर चित्र मिळालं. तुझी कल्पकता पाहून दादाला खूप आनंद झाला. सोबत दादाचा सही केलेला फोटो आणि एक गोल चिकटचित्र पाठवत आहोत. असंच कापत राहा, चिकटवत राहा.

तुझा लाडका पत्रविभाग

२५ मार्च

लाडक्या पत्रविभागाला,

मी तुमची एकोणपन्नास वर्षांची बालमैत्रीण. चित्र कुठलं मिळालं तुम्हाला? मी चित्र काढलं नव्हतं, पत्र लिहिलं होतं. अक्षर वाईट आहे ते मान्य, पण इतकं?

दादाचा फोटो मामंजींनी रबरी चकतीखाली घातला आहे. चिकटचित्र फ्रीजला लावलं होतं, ते पडलं. म्हणजे चिकटवण्याच्या कार्यक्रमाचं चिकटचित्रसुद्धा चिकटत नाही.

आता मी तुमचा कार्यक्रम नीट बघते आहे. कारखान्यातून साडेचारला सुटते, पाचला टीव्हीसमोर. दादा अर्धं करतो, मग म्हणतो "हे आता वाळू देऊ या", आणि टेबलाखालून दुसरंच काढतो, पुरं झालेलं. ते कोण करतं? कारण ह्याला साधी घडी घालता येत नाही. घडी घालताना जीभ बाहेर काढतो. आमच्याकडे असा माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकला नसता.

उत्तर येईपर्यंत दर दोन दिवसांनी पत्र टाकणार आहे.

काकू

७ एप्रिल

आदरणीय काकूंना,

तुमची एकूण सात पत्रं मिळाली. पत्रविभागाने ती माझ्याकडे ढकलली, कारण स्टुलाबद्दल मलाच सांगता येईल असं त्यांना वाटलं. चित्राच्या उत्तराबद्दल माफ करा. तिथे सगळ्यांना तेच उत्तर जातं. एकदा वीज मंडळाच्या बिलालाही गेलं होतं.

आजोबांचं ऐकून वाईट वाटलं. काडीचं ऐकून जास्त. पण स्टूल आम्ही दाखवलं तसंच होतं, पूर्ण पुठ्ठ्याचं.

एक विचारतो, रागावू नका. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमधे नागमोडी कागद असतो. त्या लाटा उभ्या राहिल्या तर पुठ्ठा माणूस पेलतो, आडव्या असल्या तर चपटा होतो. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणाच. तर तुमच्या स्टुलात लाटा उभ्या होत्या की आडव्या? तुकडे पलंगाखाली आहेतच, बघून कळवाल का?

आपला,
कार्यक्रमाच्या वतीने

११ एप्रिल

स्वेटरवाले दादा,

म्हणजे तुम्हाला लिहिता येतं तर. अक्षरही बरं आहे, टीव्हीवर बोलता त्यापेक्षा शहाण्यासारखं लिहिलं आहे. स्वेटर मात्र धुवा, डाव्या कोपरावर गोंद वाळला आहे, महिनाभर बघते आहे.

लाटांचं विचारता. तुकडे रद्दीवाल्याने नेले. आणि लाटांचं तुम्ही कार्यक्रमात सांगितलं होतं का? नाही. मग मला कशाला विचारता?

मी तुम्हाला विचारते. त्या दिवशी तुम्ही ते स्टूल टेबलावरून खाली ठेवलंत तेव्हा दोन्ही हातांनी उचललंत, गुडघे वाकवलेत, आणि ठेवताना तुमच्या तोंडून "हुं" निघालं. काडीने आठ दिवसांनी त्याचा पुन्हा लागलेला भाग बघितला होता, तेव्हाही मी शेजारीच भाजी निवडत होते. तेव्हाही "हुं". तेवढं पुठ्ठ्याचं स्टूल काडी एका हाताने नाचवत आणायची. मी दिवसाला आठशे खोकी उचलते. पुठ्ठ्याला कोणी "हुं" करत नाही.

त्याच्या पोटात काय होतं?

काकू

१९ एप्रिल

काकू,

मी स्वेटरवाला नाही. मी स्टुडिओच्या पाठीमागच्या खोलीत बसणारा सुतार. टेबलाखालून जे पुरं झालेलं निघतं ते मी केलेलं असतं. प्रत्येक वस्तू मी पाच वेळा करतो: सुरुवातीची, पाव झालेली, अर्धी, पाऊण आणि पुरी. दादा फक्त एकीवरून दुसरीवर उड्या मारतो. वयाची बासष्ट वर्षं झाली आणि माझ्या खोलीत अर्धवट हत्ती, अर्धवट जहाजं आणि पाऊण झालेले सात राक्षस आहेत. गोंदाचं त्याला सांगितलं. म्हणाला, कलाकाराचा स्वेटर असाच असतो.

तुमचं "हुं" मी तीनदा वाचलं. मग दार लावून घेतलं. आमच्या निर्मातीबाईंना वास फार लवकर लागतो.

स्टुलाच्या पोटात लाकूड आहे. दोन फळ्या, फुलीसारख्या. वरून पुठ्ठा चिकटवला आहे. मी पहिलं स्टूल खरंच पुठ्ठ्याचं केलं होतं, सरावाच्या वेळी दादा दोनदा पडला. वेळ उरला नव्हता. मी जन्माचा सुतार, कागदावर माझा विश्वास नाही. फळ्या घातल्या आणि कोणाला बोललो नाही. दादालाही माहीत नाही. त्याला वाटतं पुठ्ठा ओला झाला म्हणून जड आहे. दर शुक्रवारी त्याच स्टुलावर बसून तो मुलांची पत्रं वाचतो. तेवढाच भाग थेट जातो. पत्रंही मी हातात देतो तीच, आणि तीही तो तिथेच पहिल्यांदा बघतो.

तर खोटं मी बोललो. पण काकू, पहिल्या पत्रात तुकडे पलंगाखाली पुरावा म्हणून होते. माझ्या प्रश्नानंतर ते रद्दीवाल्याने नेले. तुमच्याकडे रद्दीवाला पलंगाखाली शिरतो का?

नऊ वर्षांच्या मुलीच्या कात्रीने तीन पदरी पुठ्ठा कापला जात नाही. पट्ट्या कापल्या कोणी?

पाठीमागचा सुतार

२३ एप्रिल

सुतार,

तुमचा काय संबंध. तुमच्या राक्षसांना पाय लावा आधी.

काकू

५ मे

काकू,

सात राक्षसांपैकी चौघांना पाय लावले. तुमचं पत्र नाही.

बाकी काही विचारत नाही. काडी कशी आहे तेवढं कळवा.

सुतार

१४ मे

सुतारबुवा,

काडी कशी आहे ते सांगते. सुट्टी लागायच्या आधी शाळेत कागदाची होडी करायची होती. पहिलीतली पोरंसुद्धा करतात. हिने कोरा कागद परत दिला. मास्तरीणबाई मला बोलावून म्हणाल्या, "ती म्हणते मला येत नाही, माझ्यामुळे माणसं पडतात." 

पट्ट्या मी कापल्या.

त्या दिवशी मला दुपारून अर्धा दिवस कामावर जायचं होतं. ती सकाळपासून मागे लागली होती, काकू कापून दे, काकू कापून दे. मी धुलाई यंत्राचं मोठं खोकं भुईवर टाकलं आणि कटर घेऊन दोन मिनिटांत आठ पट्ट्या ओढल्या. लांबीने ओढल्या, कारण लांबीने कमी वेळा कापावं लागतं. लाटा आडव्या जात होत्या. मला दिसत होत्या. एकोणीस वर्षांत मला झोपेतही दिसतात. मनात आलं, पोराचा खेळ आहे, कोण बसणार आहे त्यावर. आणि बाहेर पडले.

संध्याकाळी आले तर मामंजी पालथे पडले होते आणि सगळे तिला बोलत होते. बोलायला तोंड उघडलं आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी आमचे हे तिला वळण नाही म्हणाले, तेव्हाही गप्प. मग सांगायचं लांबतच गेलं, आणि मी तुम्हाला पत्रं लिहायला बसले. तुम्हाला शिव्या घातल्या की एक दिवस निघायचा.

मी कारखान्यात मुकादमाच्या तोंडावर बोलते. माझ्या तोंडाला सगळी आळी घाबरते. पण ह्या एवढ्याशा पोरीसमोर मला तोंड उघडवत नाही. तीन वेळा तिला समोर बसवलं आणि तिन्ही वेळा गणिताचं विचारून उठले. मला गणित येतही नाही.

तर असं करा. सोबत वेगळा कागद आहे. शुक्रवारी तुमचा स्वेटरवाला हातात दिलेलं वाचतो ना, तर हे द्या. तुमचंही त्यात लिहिलं आहे. मी एकटी नाही बुडणार. तुम्हाला नको असेल तर कागद फाडा, मी काही म्हणणार नाही. पण मग पुन्हा मला लाटा विचारू नका.

काकू

(वेगळा कागद)

काडी, हे तुझ्या काकूने लिहिलं आहे. दादा फक्त वाचतो आहे. आजोबा पडले त्यात तुझी चूक नव्हती. पट्ट्या मी कापल्या आणि घाईत आडव्या कापल्या. उभ्या कापायला पाहिजेत हे मला माहीत होतं. सगळे तुला बोलले तेव्हा मी गप्प बसले, ते कापण्यापेक्षा वाईट केलं. तुझ्या खाचा बरोबर होत्या, मी तुकडे मोजून बघितले आहेत. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. आणि हा दादा ज्या स्टुलावर बसला आहे त्याच्या पोटात लाकूड आहे. खोटं वाटत असेल तर त्याला ठोकून बघायला सांग.

२० मे

काकू,

कागद फाडला नाही. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो, एवढंच. येत्या शुक्रवारी, पाच वाजून वीस मिनिटांनी. शिकवणीला दांडी मारायला लावा. बाकीची तीन पत्रं वर ठेवतो, तुमचं शेवटी, म्हणजे त्याला तोपर्यंत रंग चढलेला असेल.

सुतार

२९ मे

काकू,

तुम्ही घरून बघितलं असेल, तरी आतली हकिकत सांगतो.

पहिली तीन पत्रं त्याने झोकात वाचली. तुमचा कागद उघडला आणि "काडी" म्हणताना आवाजात एवढा मध घातला की मला लाज वाटली. "आजोबा पडले" आलं तेव्हाही तो हसतच होता, सवयीने. "मी गप्प बसले" इथे हसू गेलं. त्यानंतर तो नीट वाचू लागला, काकू. चार वर्षांत पहिल्यांदा त्याला मी नीट वाचताना ऐकलं. जीभ आत होती.

मग लाकूड आलं. "त्याच्या पोटात लाकूड आहे" हे त्याने वाचून टाकलं आणि मग त्याला कळलं आपण काय वाचलं. कॅमेरावाला हलेना. निर्मातीबाई काचेमागून गळा कापल्याची खूण करत होत्या. मला वाटलं आता तो गाणं लावा म्हणेल. तो उठला, स्टुलाकडे बघितलं, गुडघ्यावर बसला आणि ठोकलं. ठक ठक. सगळ्यांना ऐकू गेलं. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "काडी, तुझी काकू खरं बोलते. मला माहीत नव्हतं." आणि पुढे म्हणाला, "मला घडीही घालता येत नाही." हे कोणी विचारलं नव्हतं.

निर्मातीबाईंनी मला बोलावलं. मी सगळं सांगितलं. दोन दिवसांनी त्यांनी माझी बदली केली. आता मी बातम्यांच्या विभागात आहे. पहिल्याच दिवशी बातम्यांचं मोठं टेबल दुरुस्तीला काढलं. काकू, ते आतून पोकळ आहे. वर नुसता रंग. ह्याबद्दल मात्र कोणाला लिहू नका, मला तीन वर्षं काढायची आहेत.

घरी काय झालं?

सुतार

१२ जून

सुतारबुवा,

उत्तराला उशीर झाला, कारण इथे मला काही दिवस कोणी विचारत नव्हतं आणि मग एकदम सगळ्यांनी विचारायला सुरुवात केली.

शुक्रवारी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. आमचे हे म्हणाले, "शिकवणीचं काय?" मी म्हटलं, "तुम्ही जा शिकवणीला." दादाने "काडी" म्हटल्याबरोबर पोरगी ताठ झाली. पट्ट्यांचं आलं तसे आमचे हे टीव्ही बंद करायला उठले. मामंजी म्हणाले, "खाली बस. पुढचा थांबा येऊ दे." चौतीस वर्षांची सवय.

ठक ठक झालं. मामंजी उठले, बगलेतली रबरी चकती काढली आणि माझ्या खुर्चीवर ठेवली. म्हणाले, "सूनबाई, अख्ख्या गावाची खोकी उभी कापतेस, सासऱ्यालाच आडवी?" आणि हसायला लागले. हसताना माकडहाड दुखतं, म्हणून आई गं आई गं करत हसले. आमचे हे काडीकडे बघून "बरं" म्हणाले. त्यांच्या मानाने ते पुष्कळ झालं.

काडी हसली नाही. पलंगाखाली शिरली, तुकडे बाहेर ओढले, एक पट्टी खिडकीशी नेऊन एका डोळ्याने नळीतून आरपार बघितली. मग मला विचारलं, "कापताना तुला दिसत होतं?" मी हो म्हटलं. "मग मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "घाबरले." ती म्हणाली, "मला?" 

पुढचे दोन दिवस ती ताट वाढलं की उचलून आजोबांजवळ जाऊन बसायची. बरोबर केलं. मी असते तर महिनाभर बोलले नसते. तिच्या आईचा फोन आला तेव्हा मी आपणहून सगळं सांगितलं. जावेने ऐकून घेतलं, मग सुनावलं, आणि मग शिकवणी तीन दिवसांवर आणली.

तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर कपाटासमोर खुर्ची होती आणि कात्री खाली होती. काडी म्हणाली, "कारखान्यातून मोठा पुठ्ठा आण." आणला. तिने पट्ट्या आखल्या आणि प्रत्येकीवर लाल खडूने वर तोंड केलेला बाण काढला. कटर माझ्या हातात, पण हुकूम तिचा. मी एकदा जरा जोरात ओढलं तर म्हणाली, "काकू, घाई करू नको." सुतारबुवा, हे मला मुकादमाने सांगितलं असतं तर त्याची धडगत नव्हती. मी हळू कापलं. खाचा तिने पाडल्या. गोंद लावून आम्ही खरोखर वाळू दिलं, टेबलाखालून दुसरं न काढता. पूर्ण एक दिवस. वाळणं बघत बसण्याइतका कंटाळा जगात दुसरा नाही, आणि तुमच्या कार्यक्रमात ते का दाखवत नाहीत ते आता कळलं.

मग प्रश्न आला की बसायचं कोणी. आमच्या ह्यांना एकदम बाजारात काम आठवलं. मामंजी चकती घेऊन दुसऱ्या खोलीत गेले आणि तिथून म्हणाले, "मी इथून बघतो." काडीने कोणालाच विचारलं नाही. स्टूल माझ्यासमोर आणून ठेवलं आणि म्हणाली, "तू."

मी अठ्ठ्याहत्तर किलो आहे. तुम्हाला म्हणून सांगते.

ती म्हणाली, नुसतं टेकून उठायचं नाही. आजोबा टेकलेच होते. मी म्हटलं, मग बसून करू काय? तुमची पत्रं तिने आता वाचली आहेत. तिने हा कागद आणि पेन आणून दिलं आणि म्हणाली, सुतारकाकांना पत्र लिही, मी सांगेपर्यंत उठू नको. म्हणून तुम्हाला हे सगळं इतकं बारीक सांगितलं. नाहीतर मला दोन ओळींच्या वर लिहायची सवय नाही, तुम्हाला ठाऊक आहे. स्टुलाकडून आवाज आलेला नाही. सुरुवातीला एकदा आला होता, तो माझ्या गुडघ्याचा होता.

आता पाठपोट लिहून झालं, दुसरा कागदही संपत आला. मी विचारलं, "उठू का?" काडी समोर भुईवर मांडी घालून बसली आहे आणि खालून पट्ट्या तपासते आहे. म्हणते, "अजून लिही."

काकू